परक्या घरचा इतिहास

गेल्या कोजागिरीच्या बैठकीत आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी जे उद्गार काढले, त्यांवर तेव्हाच बोलावे असे आमच्या मनात होते. परंतु दूध आटत आले होते, मंडळींची नजर पातेल्याकडे लागली होती, म्हणून गप्प बसलो. सभासद महोदयांचे म्हणणे थोडक्यात असे : आपली नातवंडे कॅनडात कुठल्याशा बर्फाळ मुलखाचा शंभर वर्षांचा इतिहास घोकीत बसली आहेत, त्या इतिहासात ना एक धड स्वारी, ना एक धड राजा, परीक्षेपुरता तो पाठ करावा, परीक्षा संपली की विसरावा, आणि मुलांना आपला, म्हणजे खरा, इतिहास शिकवावा. त्यासाठी मंडळाने परदेशस्थ मुलांकरिता शिवचरित्रावर प्रश्नमंजूषा योजावी, अशी सूचनाही त्यांनी केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन वर्षांपूर्वी त्या टाळ्यांत आमचेही हात असते, हे प्रारंभीच कबूल करतो. प्रश्नमंजूषेस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो ‘परीक्षेपुरता पाठ करावा’ या शब्दांना.

गेल्या वर्षी एप्रिल ते जुलै आम्ही उभयता कन्येकडे मिसिसागा येथे होतो. नात दहावीत. ऑन्टारिओ प्रांतात शालान्त प्रमाणपत्र हवे असेल, तर कॅनडाच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रम उत्तीर्ण होणे सक्तीचे असते. तो दहावीत असतो आणि पहिल्या महायुद्धापासून, म्हणजे १९१४ पासून, थेट आजपर्यंत येतो. सत्तर टक्के गुण सत्रभराच्या कामाचे, तीस टक्के अखेरच्या मूल्यमापनाचे. नातीच्या शाळेत त्यात लेखी परीक्षा होती. अभ्यासक्रमाचे सरकारी पुस्तक आम्ही सवयीने प्रस्तावनेपासून वाचून काढले. त्यात विद्यार्थ्याने चार गोष्टी शिकाव्यात असे म्हटले आहे : घटनेचे महत्त्व कशावरून ठरवावे, कारण आणि परिणाम कसे जोडावेत, काय बदलले आणि काय तसेच राहिले, आणि त्या काळच्या माणसाच्या जागी उभे राहून कसे पाहावे. वाचून आम्ही थक्क झालो. आमच्या हायर सेकंडरीच्या काळी पानिपतच्या पराभवाची कारणे सात होती. सहा लिहिली तर एक गुण जाई आणि आठवे सुचले तर मास्तर विचारीत, हे कुठून आणलेस?

परंतु कागद निराळा आणि अंमल निराळा, हे पस्तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको. नात एका शिकवणीवर्गास जात असे. वर्ग चालविणारे आपलेच देशबांधव, विद्यार्थीही बहुतेक आपलेच. तेथून मिळालेल्या टिपणांत एक तक्ता होता. तो पाहून आम्हांस प्रथम हसू आले आणि मग हसू आल्याची लाज वाटली. तो माफ्यांचा तक्ता होता. पहिल्या रकान्यात अन्याय, दुसऱ्यात त्याचा सन, तिसऱ्यात माफी मागणारे पंतप्रधान, चौथ्यात माफीचा सन, पाचव्यात भरपाई. चिनी लोकांवरील डोईपट्टी : १८८५ मध्ये पन्नास डॉलर, १९०० मध्ये शंभर, १९०३ मध्ये पाचशे, १९२३ मध्ये प्रवेशच बंद, माफी हार्पर, २००६. जपानी वंशाचे सुमारे बावीस हजार लोक १९४२ मध्ये किनाऱ्यावरून हलविले गेले आणि त्यांची घरे, होड्या, शेते विकली गेली. माफी मल्रोनी, १९८८. हयात व्यक्तीस एकवीस हजार डॉलर. ‘कोमागाता मारू’ जहाज, प्रवासी ३७६, व्हँकूव्हरच्या बंदरात दोन महिने अडविले, २३ जुलै १९१४ रोजी परत धाडले. माफी ट्रूडो, २०१६. मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळा. माफी हार्पर, २००८. नात हे सारे आपण पाढे म्हणत असू तशा सुरात म्हणून दाखवी. एकदाही चुकत नसे.

प्रत्येक ओळीत अन्याय ‘झाला’ होता. कोणी केला, हे एकाही ओळीत नव्हते. मुले ‘नेण्यात आली’, मालमत्ता ‘विकण्यात आली’, जहाज ‘परत पाठविण्यात आले’. हा कर्मणि प्रयोग आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. हिंदीत असो, मराठीत असो वा इंग्रजीत, सरकारी कचेरीचा सारा संसार त्यावरच चालतो. ‘कार्यवाही करण्यात आली’ असे लिहिले की करणारा हात बाही मागे घेतो. चुकीचा धनी म्हणून सन तेवढा उरतो, आणि सनाला कोणी जाब विचारीत नाही. निवासी शाळांच्या ओळीत चार सन होते : १८८३ सुरुवात, १९२० हजेरी सक्तीची, १९९६ शेवटची शाळा बंद, २००८ माफी. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे शाळा आपोआप चालल्या आणि अखेरीस आपोआपच बंद पडल्या. मधल्या काळात जणू कोणी कारकून नव्हता, कोणी वरिष्ठ नव्हता, कोणाची सही नव्हती.

सह्या होत्या. नातीच्या शाळेच्या ग्रंथालयातून आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयातून आम्ही जे वाचले, ते येथे विस्ताराने सांगितलेच पाहिजे; कारण आपल्या मंडळात निम्मे सेवानिवृत्त अधिकारी आहेत आणि उरलेले कवी आहेत. काही दोन्ही आहेत.

पीटर ब्राइस नावाचे एक डॉक्टर १९०४ पासून कॅनडा सरकारच्या इंडियन खात्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी होते. १९०७ मध्ये त्यांनी पश्चिमेकडील पस्तीस निवासी शाळा तपासल्या. शाळा सरकारच्या पैशाने चालत, चालवीत चर्चच्या संस्था. ब्राइसनी मुख्याध्यापकांस प्रश्नावली पाठविली. पंधरा शाळांची उत्तरे आली. त्या शाळांत आजवर दाखल झालेल्या १,५३७ मुलांपैकी सुमारे पाव मुले मरण पावली होती. एका शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांची खडानखडा नोंद ठेवली होती, आणि तेथे मृतांचे प्रमाण ६९ टक्के निघाले. मुख्य कारण क्षय. कोंदट शयनगृहे, थंडीमुळे बंद ठेवलेल्या खिडक्या, आजारी आणि निरोगी मुले एकत्र. ब्राइसनी हे सारे अहवालात लिहिले. अहवाल छापला गेला, लोकप्रतिनिधींकडे गेला, ऑटावातील वर्तमानपत्रातही आला. ब्राइसची शिफारस अशी की, शाळा सरकारने आपल्या हाती घ्याव्यात आणि आरोग्याची व्यवस्था डॉक्टरांकडे सोपवावी. खर्चाचे कारण पुढे आले. पुढे काय झाले असेल, ते आपल्यापैकी कोणासही न वाचता सांगता येईल. शिफारशी बाजूला राहिल्या, मग अहवाल लिहिणाराच बाजूला पडला, आणि १९२१ मध्ये त्याला मनाविरुद्ध निवृत्त करण्यात आले. (पाहा, आम्हीही ‘करण्यात आले’ असेच लिहून गेलो. हाताला वळण पडले आहे.) निवृत्तीनंतर, १९२२ मध्ये, ब्राइसनी एक लहानशी पुस्तिका काढली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ ‘एका राष्ट्रीय गुन्ह्याची कहाणी’ असा होईल. गुन्हा हा शब्द सरकारविषयी छापील कागदावर वापरणारा हा सरकारी अधिकारी आमच्या नातीच्या चौदा पानी टिपणांत कोठेही नव्हता.

ब्राइसच्या शिफारशी ज्यांच्या टेबलावर येऊन थांबल्या, ते डंकन कॅम्बेल स्कॉटही टिपणांत नव्हते. हे गृहस्थ १८७९ मध्ये त्या खात्यात कारकून म्हणून लागले, १९१३ मध्ये खात्याचे सर्वोच्च अधिकारी झाले आणि १९३२ मध्ये निवृत्त झाले. त्रेपन्न वर्षांची नोकरी! आणि हे स्कॉट कॅनडाच्या आद्य कवींपैकी एक. त्यांची गणना तेथील काव्येतिहासात एका मान्यवर पिढीत होते. ब्राइसची पुस्तिका निघाली त्या सुमारास स्कॉट तेथील रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. मूलनिवासी माणसांवर त्यांनी करुण कविता लिहिल्या, आणि त्या चांगल्या आहेत असे जाणकार म्हणतात. याच स्कॉटनी १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, या शाळांतून गेलेल्या मुलांपैकी निम्मी मुले त्या शिक्षणाचा लाभ घेण्यास जगली नाहीत असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही, अशा अर्थाचे विधान स्वतः केले. आणि त्यानंतर सहा वर्षांनी, १९२० मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने कायदा दुरुस्त होऊन सात ते पंधरा वर्षांच्या मुलांस या शाळांत धाडणे सक्तीचे झाले. मूलनिवासी समाज मुख्य समाजात पूर्णपणे विरून जाईपर्यंत हे धोरण चालू राहावे, असे त्यांनी तेव्हा संसदीय समितीपुढे सांगितले. हा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. निम्मी मुले मरतात हे ठाऊक असलेल्या कवीने हजेरी सक्तीची केली.

ही गोष्ट टिपणांतील १९२० या सनाच्या पोटात आहे. तो सन पाठ केला की ती दिसत नाही. सन पाठ करणे ही ती न पाहण्याची उत्तम युक्ती आहे. म्हणूनच शिकवणीवर्गाच्या तक्त्याचा आम्हांस राग आला आणि म्हणूनच ‘परीक्षेपुरता पाठ करावा’ हा आमच्या सभासद-मित्रांचा सल्लाही आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही. ज्यांना झाकावयाचे असते त्यांना घोकणारे विद्यार्थी फार सोयीचे असतात.

आम्ही हे नातीला उत्साहाने सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आजोबा, हे परीक्षेला येत नाही.” मग थोड्या वेळाने, वही मिटताना, तिने विचारले, “तुमच्या ऑफिसात कोणी असं होतं का?”

कोणी ब्राइस होता का, असे तिला विचारावयाचे होते, की कोणी स्कॉट होता का, हे आम्ही विचारले नाही. उत्तर मात्र द्यावेच लागले. नोकरीच्या मध्यास आम्ही मध्य प्रदेशातील एका आदिवासी जिल्ह्यात होतो. दौऱ्यावर असताना मुलींच्या एका छात्रावासाचे निरीक्षण आमच्याकडे आले. दिवस मावळला होता, पुढचा मुक्काम लांब होता. एका खोलीत सहा-सात मुली घोंगड्यांत पडून होत्या; अधीक्षिका म्हणाल्या, ताप आहे, उतरेल. आम्ही स्वयंपाकघरात डोकावलो, नोंदवही पाहिली, ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा लिहून सही केली आणि जीपमध्ये बसलो. मुक्कामावर पोहोचल्यावर त्या रात्री आम्ही एक कविताही लिहिली होती, पळसांवर. ती याच पत्रिकेत पुढे छापून आली. त्या मुलींचे पुढे काय झाले, हे आम्हांस आजतागायत माहीत नाही. बरेच बरे झाले असेल. पण आम्ही विचारले नाही, एवढे निश्चित. नातीने हे ऐकले आणि काही बोलली नाही.

आता आपल्या सभासद-मित्रांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो : या इतिहासात आपले काय आहे? असे दुवे दाखवून टाळ्या मिळविणे अवघड नाही. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी विषारी वायू सोडला. कॅनडाची पलटण तेथे टिकून राहिली ही कथा तेथील प्रत्येक मुलास पाठ असते. आणि २६ एप्रिलला त्याच रणभूमीवर हिंदुस्थानची लाहोर डिव्हिजन उतरली होती, हे कोणासच पाठ नसते. स्त्रिया कायद्याने ‘व्यक्ती’ आहेत, हा १९२९ चा गाजलेला निर्णय कॅनडाच्या पाच स्त्रियांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलातून मिळविला. त्याच न्यायसभेने १९१५ मध्ये ताई महाराज प्रकरणात लोकमान्यांच्या बाजूने निकाल दिला होता. आणि क्वेबेक! बेळगावच्या आमच्या स्नेह्यांना आम्ही दूरध्वनीवर क्वेबेकच्या १९७७ च्या भाषा-कायद्याविषयी सांगितले, तेव्हा पलीकडून “पाट्यांचं काय? पाट्यांचं काय केलं त्यांनी?” असा प्रश्न तीन वेळा आला. पाट्या फ्रेंचच हव्यात असा कायदा झाला, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला, प्रांताने संविधानातील पळवाटेने तो राखला आणि १९९३ मध्ये सैल केला, एवढे सांगून त्यांचे समाधान केले. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक वेगळे होता होता राहिले. विरोधी मते ५०.५८ टक्के. आपल्यासारख्या, घराबाहेर पडले की दुसरी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांस हे प्रकरण गोड लागणारच.

तरी सांगतो, फ्रेंचांसाठी हळहळताना आपण एक गोष्ट विसरतो. निवासी शाळांत मुलांना स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल मार बसे. घरी परतल्यावर कित्येकांना आईशी बोलता येईना. त्या भाषांसाठी ना सार्वमत झाले, ना पाट्यांचा खटला. ज्यांना मातृभाषेचे मोल ठाऊक आहे असे आपण स्वतःस म्हणवितो, त्यांनी तरी ती ओळ पाठ करून पुढे जाऊ नये.

परंतु दुवे शोधणे हा आमचा युक्तिवाद नाहीच. ज्या इतिहासात आपला माणूस सापडेल तेवढाच आपला, हा हिशेब आम्हांस मुळात मान्य नाही. आणि तो आपण माळव्यात आल्यापासून करीत आलो आहोत. आमचे घराणे होळकरांच्या पदरी होते. आमच्या घरात माळव्याचा इतिहास म्हणजे मल्हाररावांच्या स्वाऱ्या, अहल्याबाईंचे घाट आणि यशवंतरावांची लढाई. भिल्ल त्यात येत ते ‘भिल्लांचा बंदोबस्त’ या दोन शब्दांत. आठ पिढ्या ज्या मातीत राहिलो, तिचा इतिहास आपण परक्या घरचा म्हणून बाजूला ठेवला. छात्रावासाच्या दारातून आम्ही ज्या सहजतेने परतलो, तिचे मूळ या शिकवणुकीत नसेलच, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आता तीच शिकवण आपण नातवंडांसोबत समुद्रापार धाडीत आहोत. नात ज्या शहरात राहते त्याचे मिसिसागा हे नाव एका मूलनिवासी जमातीचे आहे. १८४७ मध्ये ती माणसे तेथील आपली वस्ती सोडून दूर गेली. आपल्या हजारो कुटुंबांची घरे आज त्या जमिनीवर आहेत, हप्ते फिटत आहेत. शाळेत रोज सकाळी त्या जमातीचे ऋण मानणारे एक निवेदन वाचले जाते. नातीचे देशबांधव मित्र ते चालू असताना दप्तर आवरतात, असे तिने सांगितले. तेही परक्या घरचेच ना!

‘परके’ या शब्दाने काय होते, हे आपल्याच लोकांवर बेतले तेव्हा आपल्याला चांगले कळले होते. २३ जून १९८५ रोजी माँट्रियालहून निघालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात पडले. ३२९ माणसे गेली. कट कॅनडाच्या भूमीवर शिजला होता आणि मृतांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. त्या वेळी कॅनडाच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा दूरध्वनी केला तो राजीव गांधींना. आपलेच नागरिक मेले आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे. नावे परकी होती. चौकशी आयोगाचा अहवाल येण्यास २०१० उजाडले, त्याच वर्षी २३ जूनला पंतप्रधान हार्परनी मृतांच्या आप्तांची माफी मागितली. शिकवणीवर्गाच्या तक्त्यात ही ओळ नव्हती. तक्ता करणारे आपलेच देशबांधव, हे पुन्हा सांगतो. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “काका, हा आपला विषय आहे, कॅनडाच्या इतिहासाचा नाही.”

मल्रोनींची चूक आणि या गृहस्थांची समजूत यांत आम्हांस तिळमात्र फरक दिसत नाही. आपले सभासद-मित्र जे म्हणाले, त्यातही दिसत नाही. तो देश आपल्या नातवंडांना परके समजतो अशी तक्रार आपण करतो. आणि नातवंडांना सांगतो की, त्या देशाचा इतिहास परका समजा. दोन्ही एकाच वेळी कसे चालेल?

नातीशी आमचे शेवटी असे ठरले की, तक्ता तिने पाठ करावा, कारण गुण हवेत. परंतु प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने एक नाव लिहावे, सही करणाऱ्याचे किंवा सही नाकारणाऱ्याचे. कोमागाता मारूपुढे तिने जहाज भाड्याने घेणाऱ्या गुरदितसिंगांचे नाव लिहिले. निवासी शाळांपुढे दोन नावे झाली. मृतांची नावेही तिला लिहावयाची होती. पण सत्यशोधन आयोगाच्या २०१५ च्या अहवालात ज्या सुमारे ३,२०० मृत्यूंची नोंद आहे, त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश मुलांची नावेच शाळांनी किंवा सरकारने लिहून ठेवलेली नाहीत. ते वाचून ती आजीच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी अभ्यास झाला नाही.

परीक्षा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. ब्राइस आला नाही. विमीच्या टेकडीची लढाई आली, १९१७ ची, दहा गुणांना. नातीने आम्हांस आधीच सांगितले होते.